राणी विकत घेऊ नका

मुंग्या पाळायच्या असं ठरवून आलेला नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "सगळ्यात भारी मुंगी कुठली?" हा. भारी म्हणजे काय, ते त्याच्या पुढच्या बोलण्यातून कळतं. ती अंगानं मोठी असावी. तिची वसाहत भराभर वाढावी. ती ओळखीपाळखीत कुणाकडे नसावी. आणि तिचा सगळा संसार रात्रंदिवस काचेतून दिसावा. मी मुंग्या पाळतो, म्हणून हा प्रश्न वारंवार माझ्यापर्यंत येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: या चार अटी ज्याला सोडवत नाहीत, त्यानं मुंग्या पाळू नयेत. हे उत्तर उद्धट वाटतं, तरी मी ते बदलणार नाही. एका स्वस्त, शांत आणि माणसाला शहाणं करणाऱ्या छंदाचं या चार अटींनी दुकान केलं आहे. त्या दुकानात मांडलेला माल म्हणजे रानातून उचललेल्या जिवंत राण्या आहेत.

"रानातून उचललेल्या" हे शब्द मी विचार करून वापरतो आहे. कुत्रा किंवा शोभेचे मासे घेणाऱ्याची समजूत असते की प्राणी कुठेतरी पैदास करून बाजारात येतो. मुंग्यांच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे आणि विक्रेते ती मुद्दाम चुकीची राहू देतात. बहुतेक जातींमध्ये पंख फुटलेल्या राण्या आणि नर वर्षातल्या मोजक्या दिवशी, पाऊस, ऊब आणि दमटपणा जुळून आला की आसपासच्या असंख्य वारुळांतून एकाच वेळी बाहेर पडतात. मीलन होतं ते त्या उड्डाणाच्या वेळी. काचेच्या पेटीत हे जवळजवळ कधीच घडत नाही. म्हणून विक्रीला आलेली जवळजवळ प्रत्येक राणी कुठल्या तरी माळावरून, रस्त्यावरून किंवा दिव्याखालून उचललेली असते. कधी तर अख्खं वारूळ खणून काढलेली असते. अपवाद आहेत, पण ते विक्रेत्याच्या बाजूचे नाहीत. फेरो मुंगी नावाची इवलीशी पिवळसर मुंगी वारुळाच्या आतच मीलन करते. तिच्या एका वसाहतीत पुष्कळ राण्या नांदतात आणि थोड्या कामकरी मुंग्या नि अंडी-अळ्या बाजूला झाल्या तरी नवी वसाहत उभी राहते. याच गुणांमुळे ती जगभरच्या इस्पितळांच्या भिंतींत शिरून बसली आहे. घरात सहज पैदास होणारी मुंगी हवी असेल, तर ती अशी असते.

या छंदातल्या प्रत्येक आवडीला किंमत असते. डबा कसला, जात कोणती, वाढ किती वेगानं, पाणी किती, उजेड किती, कुठलीही निवड केली तरी काहीतरी हातचं जातं. यात वावगं काही नाही. प्रश्न आहे तो किंमत कुणी मोजायची हा. आजचा शौकीन आपल्या आवडीची किंमत मुंगीकडून वसूल करतो, आणि मुंगीला ती झेपली नाही की नवी राणी मागवतो.

दिसण्याची अट सगळ्यात निरुपद्रवी वाटते, म्हणून आधी तीच घेतो. 19व्या शतकात इंग्लंडमध्ये सर जॉन लबक नावाचा एक बँकर होता, पार्लमेंटचा सभासदही होता. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये मातीचा पातळ थर भरून, वर झाकण घालून त्यानं वर्षानुवर्षं मुंग्या सांभाळल्या. घरट्यावर रंगीत काचा ठेवून त्यानं पाहिलं, की मुंग्या आपले कोष उचलून जांभळ्या काचेखालून तांबड्या काचेखाली नेतात. माणसाच्या डोळ्याला मुळीच न दिसणारे अतिनील किरणही त्यांना टोचतात, हे त्यानं दाखवून दिलं. 1882 साली त्याचं मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचं पुस्तक आलं. म्हणजे मुंगीला आपल्या पिलांवर उजेड नको असतो, ही गोष्ट माणसाला जवळजवळ दीडशे वर्षं ठाऊक आहे. आणि आज सगळ्यात जास्त खपणारं घरटं कसलं आहे? सगळीकडून पारदर्शक असलेलं ॲक्रिलिकचं, खालून एलईडीची पट्टी लावलेलं.

ॲक्रिलिक स्वच्छ दिसतं, फोटो छान येतात, हे खरं. पण ते पाणी शोषत नाही. एका टोकाला भिंतींवर थेंब साचतात नि अंडी चिकटतात, दुसऱ्या टोकाला खडखडीत कोरडं राहतं. मुंग्यांना दोन्हीच्या मधली पायरी-पायरीनं कमी होत जाणारी ओल लागते. अंडी एका ओलीत, कोष दुसऱ्या ओलीत, दाणे तिसऱ्या कोरड्या जागी, असा त्या दिवसभर संसार हलवत असतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचं घरटं ओल धरतं, पण त्याला बुरशी येते आणि मजबूत जबड्याच्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या ते पोखरून बाहेर पडतात. बांधकामातली सिपोरेक्सची वीट कोरून केलेलं घरटं ओलही धरतं आणि लवकर पोखरलंही जात नाही, पण ते जड असतं आणि त्यात एकाच बाजूनं डोकावता येतं. मातीचं घरटं सगळ्यांत उत्तम, कारण त्यात मुंग्या स्वतः बोगदे खणतात, हवे तितके खोल, हवे तितके ओले. त्यात तुम्हाला दिसतो काचेला लागून गेलेला एखादा बोगदा, आणि पुष्कळदा तोही नाही. मी माती निवडतो. दिसणं कमी होतं, ती माझी किंमत, आणि ती मीच मोजली पाहिजे. मुंगीनं मला चोवीस तास दिसत राहावं, असा करार तिनं माझ्याशी कधी केलेला नाही.

सगळ्यात वाईट अवस्था असते नव्या राणीची. उड्डाणानंतर ती आपले पंख स्वतः मोडून टाकते, बिळात स्वतःला कोंडून घेते आणि बहुतेक जातींमध्ये पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत तोंडात अन्नाचा कण घेत नाही. उडण्यासाठी वापरलेले स्नायू विरघळवून ती त्यातून पहिल्या अळ्यांना भरवते. एका वेळचा साठा, पुन्हा भरून न येणारा. अशी राणी ज्या टेस्ट ट्यूबमध्ये आहे ती नळी हा शौकीन रोज उचलतो, उजेडात धरतो, फिरवून पाहतो, मोबाइल लावतो. बसलेल्या जागेची थरथर मुंगीला पायांतून कळते. बिथरलेली राणी आपलीच अंडी खाऊन टाकते. मग हा माणूस लिहितो की राणी "खराब निघाली". खराब निघाली ती पाळणाऱ्याची उतावीळ. शिक्षा राणीला झाली.

आता वेगाची अट. आपला काळा मुंगळा, कॅम्पोनोटस वंशातला, संथ असतो. अंड्यापासून पहिली कामकरी मुंगी व्हायला महिना-दीड महिना सहज जातो आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी राणीभोवती मूठभरच मुंग्या असतात. हे नवशिक्याला सोसत नाही. त्याला सहा महिन्यांत हजारोंची फौज हवी. म्हणून "नवशिक्यांसाठी सोपी" अशा याद्या फिरतात. त्या याद्यांतले गुण नीट वाचा: भराभर वाढणारी, काहीही खाणारी, उष्णता-थंडी-कोरडेपणा सोसणारी, एका घरट्यात अनेक राण्या चालवून घेणारी, कुठल्याही फटीत घर करणारी. परक्या मुलखात घुसून तिथली जीवसृष्टी उद्ध्वस्त करणाऱ्या मुंगीचे गुण लिहायला सांगितले, तर कुठलाही कीटकशास्त्रज्ञ हीच यादी लिहून देईल. सोपी आणि घुसखोर या दोन वेगळ्या मुंग्या नाहीत. लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं, की पाळीव मुंग्यांच्या व्यापारात घुसखोर जातींचं प्रमाण त्यांच्या एरवीच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त आहे.

घुसखोर मुंगी काय करू शकते याची उदाहरणं पुस्तकी नाहीत. दक्षिण अमेरिकेतली तांबडी आगमुंगी 1930च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मोबील बंदरात उतरली आणि अमेरिकेचा सगळा दक्षिण भाग तिनं व्यापला. 2023 साली ती युरोपात, सिसिलीमध्ये, ठाण मांडून बसलेली सापडली. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिवळ्या वेड्या मुंगीनं कोट्यवधी लाल खेकडे मारले आणि खेकड्यांवर चालणारं तिथलं जंगलच बदललं. केनियातल्या लायकिपियाच्या माळरानाचा अभ्यास 2024 साली 'सायन्स'मध्ये आला. तिथल्या काटेरी बाभळींवर राहणाऱ्या स्थानिक मुंग्या हत्तींना चावून झाडं राखत होत्या. मोठ्या डोक्याची परकी मुंगी, फायडोल मेगासेफाला, आली आणि तिनं या राखणदार मुंग्या संपवल्या. हत्तींनी बाभळी मोडल्या, आडोसा गेला, सिंहांना झेब्रे पकडणं जड जाऊ लागलं आणि ते रानरेड्यांकडे वळले. एका दोन-तीन मिलिमीटरच्या मुंगीनं सिंहाच्या तोंडचा घास बदलला.

यातली एकही मुंगी छांदिष्टांनी नेलेली नव्हती, हे मी मोकळेपणानं सांगतो. त्या जहाजांतून, मातीतून, रोपांच्या कुंड्यांतून गेल्या. माझा मुद्दा यामुळे कमजोर होत नाही, उलट धारदार होतो. चुकून गेलेल्या मुंग्यांनी एवढं केलं. आता त्याच गुणांच्या मुंग्या आपण निवडून, पैसे मोजून, पत्ता लिहून पाठवतो आहोत.

आणि "माझ्याकडून निसटणार नाही" हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. डब्याच्या काठाला लावायचा फ्लुऑनचा निसरडा थर दमट हवेत पकड सोडतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ही दमट हवा चार महिने मुक्कामाला असते. स्पिरिटमध्ये कालवून लावलेली टाल्कम पावडर ओल धरून गळून पडते. तेलाचा पट्टा उन्हाळ्यात ओघळतो. हवेसाठी ठेवलेल्या जाळीतून दोन मिलिमीटरची मुंगी आरामात जाते. शिवाय वसाहत हजारांवर गेली की बहुतेकांचा उत्साह ओसरतो, रोजचं अन्न-पाणी-सफाई जड होते, आणि डबा मागच्या अंगणात रिकामा केला जातो. स्थानिक मुंगी असेल तर एक वेळ ठीक. परकी असेल तर हा गुन्हा आहे, कायद्यानं नसला तरी त्या मातीच्या दृष्टीनं.

वेगाच्या याच हव्यासातून दुसऱ्या वसाहतीचे कोष चोरून नव्या राणीच्या पुढ्यात टाकायची पद्धत आली. तिला "बूस्ट" म्हणतात. ते कोष आले कुठून, हे कुणी सांगत नाही. कुठलं तरी चालतं वारूळ कुदळीनं फोडल्याशिवाय ते मिळत नाहीत. आपली वसाहत दोन महिने लवकर वाढावी म्हणून दुसरी वसाहत संपवायची, आणि याला मुंग्यांचं प्रेम म्हणायचं?

आता मोठी आणि दुर्मिळ, या दोन अटी. यांची किंमत 2025 साली केनियाच्या न्यायालयात सगळ्या जगानं पाहिली. एप्रिलमध्ये नैवाशा इथल्या एका अतिथिगृहात बेल्जियमचे दोन कोवळ्या वयाचे तरुण पकडले गेले. त्यांच्याजवळ सुमारे 5,000 राण्या होत्या, 2,244 नळ्यांमध्ये, प्रत्येक नळीत कापसाचा बोळा. आठवड्यांचा प्रवास मुंगी जिवंत सोसू शकेल अशी ती तयारी होती. त्याच सुमाराला दुसऱ्या प्रकरणात एक व्हिएतनामी आणि एक केनियन नागरिक शेकडो मुंग्यांसह सापडले. मुंग्यांमध्ये भाव होता तो मेसर सेफॅलोटिस या जातीला. पूर्व आफ्रिकेतली, दाणे गोळा करणारी ही मुंगी. तिची राणी आकारानं थोराड असते आणि युरोपातल्या शौकिनांच्या बाजारात एका राणीला दोनशे डॉलरच्या आसपास मोजले जातात. मे महिन्यात चौघांनाही प्रत्येकी 10 लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर एक वर्ष कैद, अशी शिक्षा झाली. दंडाची ही रक्कम आठ हजार डॉलरसुद्धा होत नाही. पाच हजार राण्यांचा हिशेब ज्यानं त्यानं करून पाहावा आणि ठरवावं की हा छंद होता की धंदा.

केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसनं याला जैविक चोरी म्हटलं आणि माझ्या मते योग्य म्हटलं. ही मुंगी त्या गवताळ माळावर दाणे वाहते, काही सांडते, ते रुजतात. ती माती खालवर करते. तिथल्या कित्येक पक्ष्या-प्राण्यांचं ती अन्न आहे. तिच्या राण्या पावसानंतर जमिनीवर उतरतात आणि तेव्हाच त्या वेचल्या जातात. हस्तिदंताची किंवा गेंड्याच्या शिंगाची तस्करी पकडली की जग हळहळतं, कारण तिथं रक्त दिसतं. इथं कापसाचे बोळे दिसतात, म्हणून लोकांना हसू येतं. मला हसू येत नाही. त्या नळ्या मागवणारे गिऱ्हाईक आमच्यातलेच होते.

हा बाजार आफ्रिका आणि युरोपापुरता नाही. चीनमधल्या ऑनलाइन विक्रीवर संशोधकांनी सहा महिन्यांहून अधिक काळ लक्ष ठेवलं, तेव्हा सुमारे 59 हजार वसाहती विकल्या गेलेल्या आढळल्या. जाती दोनशेहून अधिक होत्या आणि त्यातल्या चतुर्थांशाहून जास्त चीनच्या बाहेरच्या होत्या. एका देशाचा एवढ्याशा काळाचा हा आकडा आहे.

आपल्याकडच्या माणसानं यात दुरून बघणारा म्हणून बसू नये. भारतात आठशेहून अधिक प्रकारच्या मुंग्या आहेत आणि त्यांतल्या काहींवर जगाची नजर आहे. दक्षिण भारतात उडी मारून शिकार करणारी मुंगी आहे, हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर. मोठाले डोळे, लांब चिमट्यासारखे जबडे. ज्या दोन मुंग्यांचा जनुकीय आराखडा सर्वांत आधी, 2010 साली, उलगडला गेला त्यातली ही एक. तिच्या वसाहतीत राणी मेली की कामकरी मुंग्यांत मिशांची झुंज लागते आणि जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. तेव्हा त्यांचा मेंदू चक्क आक्रसतो, आणि पुन्हा कामकरी व्हावं लागलं तर परत वाढतो. तिच्या आशियातल्याच एका बहिणीचा, हार्पेग्नॅथॉस व्हेनेटरचा, व्यापार राजरोस चालतो. आपली मुंगी त्या बाजारात जायला किती वेळ लागणार? जैविक विविधता कायदा, 2002 प्रमाणे परदेशी माणसाला इथली जैविक संपत्ती न्यायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. पण मुंगीच्या नळीकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि तस्कराचा भरवसा नेमका त्यावरच असतो.

उलट दिशेचा मोहही तितकाच वाईट. पानं कापून नेणारी, बुरशीची शेती करणारी ॲटा मुंगी आपल्याकडे हवी, असं म्हणणारे शौकीन मी ऐकतो. ही मुंगी अमेरिका खंडाबाहेर कुठंही नैसर्गिकपणे आढळत नाही. राणी उडताना आईच्या शेतातल्या बुरशीचा कण तोंडातल्या कप्प्यात घेऊन निघते. तो कण मेला की वसाहतही मेली. तिला रोज ताजी पानं लागतात, ठरलेली ओल नि ऊब लागते, आणि तिच्या स्वतःच्या मुलखातसुद्धा ती शेतकऱ्याची मोठी शत्रू आहे. अशी मुंगी विनापरवाना भारतात आणणं प्लांट क्वारंटाइनच्या नियमांत बसत नाही आणि अक्कलेतही बसत नाही. युरोपातली लेसियस नायजर मागवणाऱ्यांचंही तेच. तिला वर्षातले काही महिने थंडीत निजावं लागतं. पुण्या-नागपुरात ती थंडी फ्रिजमध्ये शोधावी लागणार. त्या जातीची एक राणी बंदिवासात जवळजवळ 29 वर्षं जगल्याची नोंद आहे. जिचा जीव एवढा मोठा आहे तिला चार हिवाळे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात काढायला लावायचे, ते आपल्या कपाटात विलायती नाव मिरवावं म्हणून.

या सगळ्यावर तीन उत्तरं ठरलेली असतात. तिन्ही पोकळ आहेत.

पहिलं: "उडालेल्या राण्यांपैकी बहुतेक मरतातच, एखादी उचलली तर काय बिघडलं?" बहुतेक मरतात हे खरं. पण त्या मरतात तेव्हा पाखरं, बेडूक, पाली, कोळी आणि दुसऱ्या मुंग्या जगतात. तो त्यांच्या पावसाळ्याचा शिधा आहे. आणि उरलेल्या थोड्यांतूनच पुढची सगळी वारुळं उभी राहतात. एकानं दाराशी आलेली सर्रास आढळणारी राणी उचलली तर बिघडत नाही, आणि मी त्याला विरोध करतही नाही. व्यापारी मात्र "एखादी" उचलत नाही. जी जात महाग ती, जिथं भरपूर उतरते तिथं, जेवढ्या हाताला लागतील तेवढ्या तो उचलतो. "एखादी"चं पांघरूण पाच हजारांवर घालता येणार नाही.

दुसरं: "मुलं निसर्ग शिकतात." काय शिकतात, हे अमेरिकेत पाहून झालं आहे. 1956 साली मिल्टन लेव्हिन यांनी तिथं 'अँट फार्म' हे खेळणं बाजारात आणलं. त्याचे कोट्यवधी नग खपले. पुढं निळ्या जेलचे प्रकारही निघाले. त्यात राणी नसते, कारण राण्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायला तिथं सरकारी परवाना लागतो. राणी नाही म्हणजे अंडी नाहीत, पिलं नाहीत, पुढची पिढी नाही. कामकरी मुंग्या बोगदे खणतात, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एकेक करून मरतात, आणि पुडी मागवून पुन्हा भरल्या जातात. पिढ्यान् पिढ्या मुलं त्यातून एवढंच शिकली की वसाहत ही संपली की नवी मागवायची वस्तू आहे. जे आज राण्या मागवतात ते हीच शिकवण पुढं चालवत आहेत. उंदराचं पिल्लू नाहीतर पाल जिवंत डब्यात टाकून मुंग्या तिचे लचके तोडतानाचे व्हिडिओ बनवणारे तर शिक्षणाचं नावही घेण्याच्या लायकीचे नाहीत. मुंगीला लागणारं प्रथिन मेलेल्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या झुरळातून किंवा नाकतोड्यातून पुरेपूर मिळतं. जिवंत पिल्लू मुंगीसाठी नसतं, प्रेक्षकासाठी असतं.

तिसरं: "मुंगीच तर आहे. लोक खडू मारून रोज शेकड्यांनी मारतात." मारणारा माणूस ओट्यावरच्या कामकरी मुंग्या मारतो. त्यांची राणी भिंतीत सुरक्षित असते आणि वसाहत चालू राहते. तो मुंग्यांवर प्रेम असल्याचा दावाही करत नाही. तुम्ही करता. म्हणून तुमचा हिशेब वेगळा आणि कडक.

मग पाळूच नये का? पाळावं. पण जी किंमत आहे ती आपण मोजून पाळावं. मृगाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, त्यातली बरीचशी वाळवी असते. चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि कंबर जाड असेल तर ती वाळवी. मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, कंबर बारीक, पुढचे पंख मोठे, तर ती मुंगी. पंख मोडून टाकलेली, जमिनीवर बीळ शोधत धावणारी राणी पाहा. तुमच्या परिसरात सर्रास आढळणाऱ्या जातीचीच घ्या, एकच घ्या. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, मग तोंडाशी दुसरा बोळा. वर काळा कागद गुंडाळा आणि हादरे बसणार नाहीत अशा कपाटात ठेवा. मग तिला हात लावू नका. पहिल्या मुंग्या किरट्या निघतील. त्या उपासावर वाढलेल्या असतात, त्यांना कमी लेखू नका. पातळ केलेला मध आणि किड्याचा लहानसा तुकडा एवढं त्यांना पुरतं. नळी भरली की मातीच्या घरट्यात जाऊ द्या, गरजेपेक्षा मोठं घर आधीच देऊ नका. उचलल्याची तारीख, जागा, त्या दिवशीचा पाऊस लिहून ठेवा. छंदाची खरी कमाई ती वही असते. आणि सांभाळणं अशक्य झालं तर, दुसऱ्या वसाहतींचा संसर्ग नसेल तरच, जिथून उचलली तिथेच सोडा. परगावच्या मित्राला भेट म्हणून पाठवू नका.

याहूनही चांगला मार्ग आहे. आपल्याकडे वडीलधारी माणसं वारुळाच्या तोंडाशी पीठ-साखर घालत आली आहेत. वारूळ त्यांनी कधी घरात आणलं नाही. खाली बसून तासभर वारूळ बघणाऱ्याला मालकीची गरज पडत नाही. वाटा कशा बदलतात, ओझं कोण उचलतं, शेजारच्या वारुळाशी भांडण कुठल्या रेषेवर होतं, हे डब्यात बघून जेवढं कळतं त्याहून कितीतरी जास्त उघड्यावर कळतं. ज्यांना खरंच मुंग्या आवडतात त्यांनी आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा हे करावं. त्यानंतरही नळी हवीशी वाटली तर घ्यावी.

बाकीच्यांना, म्हणजे याद्या चाळून राण्या मागवणाऱ्यांना, माझं सांगणं स्पष्ट आहे. विक्रेत्याला विचारा: ही राणी कुठल्या गावातून उचलली, कुठल्या तारखेला, कुणाच्या परवानगीनं? तो उत्तर टाळेल. टाळलं की पैसे देऊ नका, आणि देणाऱ्या मित्राला तोंडावर अडवा. नैवाशाच्या माळावर राण्या वेचणाऱ्याचे हात तुमच्या मागणीवर चालतात. ती मागणी बंद करणं कुठल्याही न्यायालयापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. ज्याला स्वतःच्या गल्लीतल्या मुंगळ्याच्या राणीसाठी वर्षभर अंधारात थांबणं जमत नाही, त्याला दुसऱ्या खंडातली राणी मागायचा कसलाही हक्क नाही.